कागदी बाणांचा चैत्र

स्वयंपाकघरातल्या मोरीचा पाइप गळू लागला म्हणून परवा कचेरीतून परतताना नागदेवीच्या गल्लीत शिरलो. दुकानदाराने पाइपचा हातभर तुकडा कापून दिला, एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, काढून दिला, आणि जोड चिकटवायच्या सोल्यूशनची डबी पुढे करण्याआधी, आतलं वाळून तर गेलं नाही ना हे पाहायला तिचं झाकण उघडलं. तो वास आला आणि मी खिशात घातलेला हात तसाच ठेवून उभा राहिलो. गोडसर, थेट डोक्यात चढणारा वास असतो तो; कुणाला आवडावा असा मुळीच नाही. पण त्याच्या मागोमाग माझं नाक आणखी काही वास शोधू लागलं. गच्चीवर वाळणाऱ्या साबुदाण्याच्या पापडांचा, उकडलेल्या कैरीचा, उन्हाने मऊ पडलेल्या डांबराचा. लोखंड आणि वंगणाच्या त्या गल्लीत यातलं काहीच नव्हतं. “काका, और कुछ?” दुकानदाराने विचारलं. मी नुसती मान हलवली.

गिरगावात पोचेपर्यंत दिवे लागले होते. आमच्या मागच्या गल्लीत ढोलांचा सराव चालला होता. पाडव्याच्या मिरवणुकीला अजून अवकाश असला तरी ढोलांना धीर नसतो. कुणाचा चैत्र पालवीने येतो, कुणाचा कोकिळेने. माझा चैत्र काही वर्षांपूर्वीपासून पाण्याच्या पाइपांच्या सोल्यूशनने येतो, हे लिहितानाही थोडा संकोच वाटतो. पण ऋतूंनी आपल्या घरी कुठल्या दाराने यावं, हे आपल्या हाती नसतं.

माझी पत्नी सुनंदा लालबागच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. मराठी शाळांतल्या शिक्षकांचा चैत्र कसा असतो, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. सकाळी वार्षिक परीक्षांचं पर्यवेक्षण, आणि दुपारी डोक्यावर पदर किंवा रुमाल घेऊन मुलं शोधायला निघायचं. ‘पट’ म्हणजे वर्गातल्या मुलांची संख्या. तो भरला तर वर्ग राहतो. नाही भरला तर वर्ग जातो, आणि वर्गाबरोबर शिक्षकही जातो. त्या वर्षी मुख्याध्यापिकांनी सुनंदाला बोलावून सांगितलं होतं, की जून उजाडेपर्यंत पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर पाचवीचा वर्ग उघडायचा नाही, असं संस्थेने ठरवलं आहे. मग सुनंदा ‘अतिरिक्त’ ठरणार होती. सरकारी भाषेतला हा शब्द. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला जिथे जागा असेल तिथे पाठवतात. जिने आयुष्यभर त्याच तीन जिन्यांवरून वर-खाली केलं, जिच्या वर्गातल्या मुलांची मुलं आता तिच्या वर्गात बसत होती, तिला एका शब्दाने जादा ठरवता येतं, याचं मला त्या दिवसांत फार नवल वाटे. ती मात्र त्याविषयी बोलत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर ती पंख्याखाली बसे, पन्ह्याचा पेला दोन्ही हातांत धरी आणि कुणीकुणी काय काय म्हटलं ते सांगे.

लालबाग-परळला पूर्वी ती फिरे तेव्हा दारं उघडी असत. चाळीच्या एका टोकाला ‘बाई आल्या’ म्हणून ओरडलं की दुसऱ्या टोकाला चहा टाकला जाई. आता त्याच चाळींच्या जागी उंच इमारती आहेत, माणसं बरीचशी तीच आहेत, पण खाली रखवालदार बसतो. “किसके पास जाना है?” असं तो विचारतो. “ज्यांच्याकडे दहा वर्षांचं मूल आहे त्या सगळ्यांकडे,” असं सुनंदाने एकदा खरोखरच उत्तर दिलं. त्याने तिला विमा विकणारी समजून बाहेर काढलं. ते सांगताना ती हसली. मीही हसलो. त्या हसण्याला माझा काही अधिकार होता का, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

अशाच एका संध्याकाळी पेला खाली ठेवून ती म्हणाली, “अहो, मला हवेवर उडणारा बाण करायचाय.”

“कसला बाण?”

“कागदाचा. खाली पाइपात हवा दाबून भरायची आणि एकदम सोडायची. पाडव्याला शाळेच्या मैदानात उडवायचे. पत्रकं कुणी वाचत नाही हो. हातात घेतात आणि त्यावर भेळ खातात. पण वर काही उडताना दिसलं की माणूस थांबतो.”

“थांबून काय होणार?”

“थांबला की मी बोलेन ना.”

पाडव्याच्या मुहूर्तावर मुलाचं नाव शाळेत घालायची जुनी रीत आहे. त्या दिवशी शाळेत गुढी उभी राहते, पाटीपूजन होतं, येणाऱ्या मुलाला साखरेची गाठी मिळते. त्या गर्दीत, किंवा गर्दी नसलीच तर तिच्या जागी, सुनंदाला तिचा बाण उडवायचा होता. मी आयुष्यात खिळासुद्धा सरळ ठोकलेला नाही. तरी “चल” म्हणालो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, इतकंच.

नागदेवीच्या दुकानात सुनंदाने कागदावर काढलेलं चित्र उलगडलं. एक जाड पाइप आडवा, तो हवेची कोठी. त्याचं एक तोंड कायमचं बंद. त्या झाकणाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे पंपाने हवा भरता येईल. दुसऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे लाल दांड्याची ती चावी, जी पाव फेरा फिरवली की पूर्ण उघडते. चावीच्या पुढे एल्बो आणि एल्बोवर बारीक पाइप उभा. या उभ्या पाइपावर कागदाची नळी टोपीसारखी घालायची, तोच बाण. दुकानातला कच्छी तरुण चित्राकडे पाहत राहिला.

“मॅडम, ये पानी का पाइप है. हवा का नहीं.”

“हवाच भरणार आहोत. थोडी.”

“थोडी-जास्ती मालूम नहीं. पानी का पाइप फूटा तो भिगायेगा. हवा का फूटा तो लगेगा.” मग आमचे चेहरे पाहून त्याला दया आली असावी. “टीचर हो क्या? तो ऐसा करो, जाडावाला लो, और ऊपर से कुछ लपेटो. और हवा कम. पंप को चार हाथ मारो, बस. जितना दिल बोले उससे कम.”

जितकं मन सांगेल त्याहून कमी. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. कोठीभोवती गुंडाळायला सुनंदाने तिच्या आईच्या लुगड्यांची शिवलेली, आता विरत चाललेली गोधडी काढली. मी म्हटलं, “ही?” ती म्हणाली, “मग कशाला ठेवलीय?”

त्यानंतरच्या संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर पाइप. तो कापताना सुनंदा त्यावर पाय देऊन बसे आणि मी करवत चालवी. माझा काप हटकून तिरका जाई. पांढरा भुसा तिच्या पायांच्या बोटांवर, जोडव्यांवर साचे. मग तो तिरका काप घासून सरळ करायचा, सोल्यूशन लावायचं, दोन तुकडे एकमेकांत फिरवून घट्ट धरायचे आणि मनात काही अंक मोजायचे. ती मराठीत मोजे, मी इंग्रजीत. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी मोजणं थांबवलं आणि तिच्यावर सोडून दिलं. वास सगळ्या मजल्यावर पसरला. शेजारच्या मयेकरकाकूंनी दारातून डोकावून विचारलं, “काय ओ भाऊजी, रंगकाम काढल्यात की काय?”

“नाही काकू, सुनंदाच्या शाळेचं रॉकेट करतोय.”

“तरीच. माका वाटला रिटायर होऊचे आधीच डोक्यावर परिणाम झालो.”

चावीच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळून सगळं बसवलं, तरी हवा राहीना. पंप मारला की थोड्या वेळाने कोठी आपोआप रिकामी होई. कुठून, ते दिसत नव्हतं. मग गॅलरीत पाइप टेकवून आम्ही दोघं दोन बाजूंनी त्याला कान लावून बसलो. रस्त्यावरचे ढोल थांबायची वाट पाहिली. थांबले, आणि अगदी बारीक, झोपेतल्या मुलाच्या श्वासासारखा आवाज ऐकू आला. सुनंदाने साबणाचं पाणी बोटाने लावलं. चावीच्या गळ्याशी एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. “सापडलं,” ती म्हणाली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीला असा कान लावल्याचं मला आठवेना. गळती घरात नव्हती असं नाही. आवाज फार बारीक असतो, आणि खाली ढोल वाजत असतात.

बाणांचे कागद म्हणजे गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची पानं. त्यांचा गुळगुळीत कागद पाइपाभोवती गुंडाळला की छान ताठ नळी होते. टोकाला शंकू, मागे तीन पंख. श्रावण, कार्तिक, मार्गशीर्ष. एकादश्या आणि चतुर्थ्या, दुधाचे खाडे मांडलेले चौकोन, माझ्या बदलत्या औषधांच्या वेळा, हे सगळं गोल वळत वळत बाणांत गेलं.

पहिली चाचणी गच्चीवर झाली. फाल्गुन संपत आलेला, ऊन उतरलेलं, सगळ्या इमारतीचे पापड आणि कुरडया जुन्या धोतरांवर ओळीने पसरलेल्या. सुनंदाने पंपाला चार हात मारले आणि मला म्हणाली, “उघडा.” मी चावी उघडली. फुस्स असा आवाज झाला, ‘श्रावण’ पाइपावरून वीतभर वर सरकला आणि लाजल्यासारखा परत खाली बसला.

“अहो, हळू नाही. झटक्यात. एकदम.”

मी पुन्हा उघडली. पुन्हा तेच.

“तुम्हाला जमत नाही का, की करायचं नाही?” ती हसतच म्हणाली.

मला जमत नव्हतं. मी दार उघडतो ते आवाज न करता, पत्र फोडतो ते पाकीट न फाटता. वरिष्ठांशी बोललो तेही वाक्याच्या मध्येच थांबून, त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्यावं म्हणून. या सवयीला लोक सौजन्य म्हणतात. मीही म्हणत आलो. त्या गच्चीवर, लाल दांड्यावर हात ठेवून उभा असताना, पहिल्यांदा वाटलं की यातलं बरंचसं नुसतं भय असावं. आयुष्यात एकच चावी मी अशी एका झटक्यात, कुणाला न विचारता फिरवली होती, आणि ती नेमकी सावकाश फिरवायला हवी होती. पण त्याविषयी पुढे.

तिसऱ्या वेळी सुनंदाने माझ्या हातावर हात ठेवून दांडा खेचला. फट् असा कोरडा आवाज झाला आणि ‘श्रावण’ दिसेनासा झाला. आम्ही दोघं माना वर करून उभे. पाण्याच्या टाकीच्या कितीतरी वर, मावळतीच्या उन्हात एक पांढरी काडी क्षणभर थांबली, वळली आणि खाली येऊ लागली. नेमकी कुठे, ते मला आधीच कळलं.

“भाऊजी!” जिन्याच्या तोंडाशी मयेकरकाकू उभ्या होत्या. “तुमचा रॉकेट माझ्या पापडात पडला!”

“काकू, चूक झाली, मी…”

“पडला ता पडला. पण किती वर गेला ओ! आणखी एक उडवा बघू. थांबा, आधी पापड उचलतंय.”

त्या रविवारी मुग्धाचा फोन आला. मुग्धा आमची मुलगी, इंजिनीयर, तेव्हा नुकतीच पुण्यात नोकरीला लागलेली. तिच्या आईने फोन फिरवून तिला गोधडीत गुंडाळलेला पाइप दाखवला.

“आई, सीरियसली? हे तू बनवलंस? सो क्यूट! बाबा, प्रेशर किती ठेवताय?”

“तुझ्या बाबांना दाब मोजायला दिलेला नाही,” सुनंदा म्हणाली. “चार पंप. आकारमान ठरलेलं आहे, त्यामुळे दाब आपोआप…”

“आकारमान म्हणजे?”

“व्हॉल्यूम.”

“हां, मग व्हॉल्यूम म्हण ना!”

दोघी हसल्या आणि बोलणं पुढे गेलं. मी मात्र तिथेच राहिलो. मुग्धा सातवी-आठवीत असताना याच खोलीत, याच जमिनीवर, तिच्यासमोर विज्ञानाचं पुस्तक असे आणि सुनंदा काही समजावू लागली की ती म्हणे, “आई, असं नको, इंग्लिशमध्ये सांग.” दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना दाब, घनता, प्लवन हे सगळं गोष्टीसारखं उलगडून सांगणारी बाई घरी आली की अडखळे. आधी मुलीच्या पुस्तकातून ते शब्द स्वतः शिके, मग मुलीला शिकवू पाही. तोवर मुलगी उठून गेलेली असे. पुढे मुलीला शिकवणी लावली. सोय म्हणून लावली, असंच मी समजत होतो.

मुग्धाला इंग्रजी शाळेत घालायचं मी ठरवलं. मी स्वतः गिरगावातल्या मराठी शाळेत शिकलो, चांगलं शिकलो. पण बढतीच्या मुलाखतीत टेबलापलीकडच्या माणसांनी इंग्रजीत प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर ठाऊक असूनही माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्यांच्यातला एकजण हसला होता. कदाचित दुसऱ्याच कशाला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी तीन वर्षांच्या मुग्धाच्या शाळेचं पक्कं करून टाकलं. अशी भीती घरोघरी आहे, त्यामुळे ती चूक की बरोबर हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. मुलीचं चांगलं झालं. तिच्या चांगल्या होण्याला मी पुरावा म्हणून कितीदा वापरलं, तेवढं मात्र मला सांगता येईल.

पाडव्याला सकाळी गिरगावात मिरवणूक निघायच्या आत आम्ही टॅक्सीत गोधडीचं गाठोडं घालून लालबागला पोचलो. शाळेचं मैदान झाडून, पाणी मारून ठेवलेलं. गुढीच्या रेशमी खणावर आदल्या वर्षीची घडी तशीच दिसत होती. माणसं थोडी होती. काही जुने विद्यार्थी, चहा देणारा शिपाई, आणि फाटकाशी आत यावं की नाही अशा बेतात उभे असलेले काही पालक, मुलांचे हात धरून.

संस्थेचे अध्यक्ष तात्या धोतर सावरत आले. वय झालेलं, पण आवाज तसाच. त्यांनी यंत्र पाहिलं आणि म्हणाले, “पूजा केलीत का?”

“कसली, तात्या?” सुनंदाने विचारलं.

“यंत्राची! कमाल करता बाई तुम्ही. दसऱ्याला आपण झेरॉक्स मशीनची पूजा करतो, आणि हे तर आकाशात जाणार.”

मग यंत्राची पूजा झाली. कोठीवर हळदकुंकू वाहिलं, लाल दांड्याला झेंडूची माळ बांधली, नारळ ओवाळला. आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी तात्यांनी ताम्हनातल्या ओल्या, कुंकवाने माखलेल्या अक्षता मूठभर घेऊन उभ्या पाइपात सोडल्या. “आधी देवाचा मान,” ते म्हणाले. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. सगळं यंत्र उलटं करून तात्यांच्या अक्षता बाहेर काढायचं धैर्य आम्हा दोघांतही नव्हतं. तिने निमूटपणे पाइपावर ‘मार्गशीर्ष’ चढवला, पंप मारले आणि दांडा खेचला.

बाण गेला, तिरका पण गेला. आणि त्याच्या मागून त्या पाइपाने मूठभर लाल अक्षता आकाशात फेकल्या. त्या वर गेल्या, पसरल्या आणि सगळ्यांवर पडल्या. तात्यांच्या टकलावर, शिपायाच्या चहात, फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांच्या डोक्यावर.  मग फाटकाशी कुणीतरी ओरडलं, “शुभमंगल सावधान!” आणि सगळं मैदान हसलं. तात्या सर्वांत मोठ्याने हसले. हसता हसता फाटकाशी उभी असलेली माणसं आत आली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसरा बाण मात्र उडेना. ओला तांदूळ चावीत अडकला होता आणि दांडा पुरता मिटत नव्हता. सुनंदा जमिनीवर मांडी घालून बसली, केसांतला आकडा काढला आणि एकेक दाणा उकरू लागली. मुलं तिच्याभोवती उकिडवी बसली. ती उकरत होती आणि बोलत होती. आत हवा दाटीवाटीने बसलीय, परळच्या बसमध्ये माणसं बसतात तशी. दार उघडलं की काय होतं? सगळी एकदम बाहेर. मग बाणाला काय होतं? “धक्का!” एक मुलगी म्हणाली. “कुणाचा?” “उतरणाऱ्यांचा!” सुनंदाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते आमच्या घरातल्या जमिनीवर मी कधी पाहिलं नव्हतं. किंवा मी पाहत नव्हतो.

त्या मुलीची आई मागे उभी होती. मॉलमधल्या दुकानाचा गणवेश, छातीवर नावाची इंग्रजी पट्टी, पाडव्याच्या दिवशीही कामावर जायच्या घाईत. चौथी झालेल्या मुलीला पाचवीला कुठे घालायचं, हे विचारायला आली होती. तिचं नाव गावडे, हे नंतर कळलं.

“मॅडम, एक विचारू? राग नका मानू. तुमची स्वतःची मुलगी कुठल्या मीडियमला होती?”

 मुख्याध्यापिकांनी गुढीकडे पाहिलं. मी गोधडीची एक सुटलेली शिवण चाचपू लागलो. बोलायला हवं होतं ते मी. ‘ते मी ठरवलं’ एवढे तीन शब्द. ते घशाशी आले आणि मुलाखतीतल्या उत्तरासारखे तिथेच राहिले.

“इंग्लिश मीडियमला,” सुनंदा म्हणाली. “आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.”

“वा!” गावडे म्हणाली. “म्हणजे तुमची मुलगी इंग्लिशमध्ये, आणि मराठी आमच्या पोरींनी टिकवायची?”

कुणीतरी हसलं. सुनंदाने आकडा पुसून परत केसांत खोवला.

“नाही,” ती म्हणाली. “मराठी टिकवायला हिला इथे नका घालू. तेवढ्यासाठी कुणी कुणाची मुलगी मागू नये. मी विज्ञान शिकवते. ते हिला मी हिच्या घरच्या शब्दांत शिकवीन आणि इंग्रजी शब्दही देईन, दोन्ही. माझ्या मुलीला मला ते देता आलं नाही. बस, एवढंच मला सांगता येतं.”

 गावडेने घड्याळ पाहिलं. तिची मुलगी पंपाजवळून हलायला तयार नव्हती, तिला ओढत नेताना ती एवढंच म्हणाली, “बघते, मॅडम. घरी विचारते.” फाटकातून जाताना तिच्या केसांत अजून लाल तांदूळ होते.

परतीच्या टॅक्सीत गोधडीचं गाठोडं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. गिरगावात रस्ते बंद, म्हणून ऑपेरा हाउसपाशी उतरून ते दोन टोकांनी धरून चालत आलो. फेटे बांधलेल्या बायका, नऊवारी नेसलेल्या मुली, गुलाबपाण्याचे फवारे. त्या गर्दीतून वाट काढताना मला ‘दोघांनी मिळून’ हे शब्द उचलून धरल्यासारखे जड वाटत होते.   घरी येऊन आम्ही श्रीखंड-पुरी जेवलो.

त्यानंतरचा उन्हाळा वाट पाहण्यात गेला. सुनंदा रोज फिरत राहिली. वैशाखात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटे. काही नावं आली, काही आलेली परत गेली. यंत्र पलंगाखाली होतं. रात्रीपुरता केलेला बिछाना काढताना त्याचा लाल दांडा पायाला लागे. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी सकाळी निघताना ती म्हणाली, “आज कळेल.” त्या दिवशी मी कचेरीत एकही काम धड केलं नाही.

संध्याकाळी आलो तेव्हा ती मोरीत पाय धूत होती. पाठमोरीच म्हणाली, “उघडला वर्ग.”

“पट भरला?”

“कसाबसा. शेवटी ती गावडे आली. प्रार्थना संपून गेली होती, पोरीला ओढत घेऊन आली. म्हणाली, ‘मॅडम, घालते. पण एक वर्ष बघणार. नाही पटलं तर काढणार.’”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, बघा.” तिने पाय पुसले, पंचा वाळत टाकला. “एक वर्ष मिळालं, अहो.” आणि ती हसली, त्या मैदानातल्यासारखं.

ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. पाडव्यापासून जे घशाशी होतं ते बाहेर यायला मला जून उजाडला.

“सुनंदा, त्या दिवशी तू दोघांनी मिळून म्हणालीस. ते खरं नव्हतं. मी एकट्यानेच ठरवलं होतं.” ती तांदूळ धूत होती. “तू तेव्हा नुसतं म्हणाली असतीस ना, की एक वर्ष मराठी शाळेत घालून बघू, तर मी…”

“म्हटलं होतं मी,” ती म्हणाली.

पाण्याचा आवाज चालू होता. तिने नळ बंद केला, मला नीट ऐकू यावं म्हणून असेल.

“हेच शब्द. एक वर्ष बघू. तुम्ही त्या मुलाखतीहून येऊन चपला काढत होतात. तुम्हाला आठवत नसेल.”

तक्रार नव्हती तिच्या स्वरात. तिने कुकरचं झाकण लावलं आणि कोथिंबीर निवडायला घेतली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. मला ते आठवत नव्हतं. तो जिना आठवतो, तो दिवस आठवतो, टेबलापलीकडचा हसणारा माणूस तर आजही ओळखीन. तिचा आवाज तेवढा कुठेच सापडत नाही.